पिसवांचं औषध टाकल्यावर कुत्र्याला होते ती 'ॲलर्जी' नेमकी कसली?

कुत्रं पाळणाऱ्यांच्यात "औषध टाकलं आणि ॲलर्जी आली" हे वाक्य एवढं सर्रास चालतं की मीही ते कित्येक वर्षं काही विचार न करता वापरायचे, आणि मग एकदा आमच्या ठकीवरच वेळ आली. ठकी ११ किलोची, अंगाने सडपातळ, स्वभावाने शांत. गोचिड्या दिसायला लागल्या म्हणून रात्री साडेनऊला तिच्या मानेमागे औषधाच्या थेंबांची पिपेट, म्हणजे ती छोटी प्लास्टिकची नळी, रिकामी केली, आणि दहा वाजायच्या आत बाईसाहेब सैरभैर. मागे वळून स्वतःच्याच पाठीकडे बघायचं, दोन सेकंद तशीच उभी, मग कुणीतरी टाचणी टोचल्यासारखं एकदम पळत सुटायचं, सोफ्याखाली घुसून पाठ घासायची, परत बाहेर, परत तेच. बॅटरी घेऊन केस बाजूला करून बघितलं तर कातडीवर साधा लाल डागसुद्धा नाही. डॉक्टरांना फोन केला, म्हटलं सर, ॲलर्जी झालीय, तर ते म्हणाले, "ॲलर्जी राहू द्या बाजूला, टाकल्यावर किती वेळाने सुरू झालं आणि नेमकं कुठे काय दिसतंय तेवढं सांगा."

किती वेळाने आणि कुठे. हे दोन प्रश्न विचारले की ॲलर्जी या एका शब्दाखाली आपण किमान पाच-सहा वेगवेगळ्या भानगडी कोंबलेल्या असतात हे लक्षात येतं, आणि त्यातल्या काहींना वाट बघितली तरी चालतं, काहींना अर्धा तासही थांबून चालत नाही.

आधी हे थेंब काम कसं करतात ते बघू, कारण त्यात बरीच उत्तरं आहेत. आपण औषध मानेमागे एकाच जागी टाकतो कारण कुत्र्याची जीभ तिथे पोचत नाही, एवढंच कारण. तिथून ते कातडीवर नैसर्गिक तेलाचा जो पातळ थर असतो त्यातून एखाद दोन दिवसात सगळ्या अंगभर पसरतं. औषधातला घटक फिप्रोनिल असेल तर ते केसांच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथींमधे साठतं आणि पुढे महिनाभर थोडं थोडं बाहेर येत राहतं. सेलामेक्टिनचं वेगळं, ते कातडीतून रक्तात जातं. परमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड ही मुख्यतः कातडीवरच राहून काम करतात. पण पिपेटमधे नुसतं औषध नसतं, ते विरघळवायला आणि पसरवायला सॉल्व्हंट लागतं, म्हणजे अल्कोहोलच्या जातीतली रसायनं, ग्लायकॉल इथर, बेन्झाइल अल्कोहोल, प्रॉपिलीन कार्बोनेट असली मंडळी, शिवाय औषध खराब होऊ नये म्हणून टाकलेले पदार्थ. पहिले काही तास हा सगळा माल नखाएवढ्या जागेवर एकवटलेला असतो, आणि कुत्र्याची कातडी माणसाच्या कातडीपेक्षा बरीच पातळ असते हे आपण केसांमुळे विसरतो. त्यामुळे त्रास झाला की लोक खोक्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव बघतात, आणि चावणारा मात्र कधीकधी त्या सॉल्व्हंटमधला कुणीतरी असतो.

आता सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, साधी जळजळ. टाकल्यावर थोड्याच वेळात किंवा त्याच दिवशी, आणि बरोब्बर जिथे थेंब पडला तिथेच, कातडी लाल, केस चिकटून टोकदार झालेले, कधी कोंड्यासारखी पांढरी पावडर, क्वचित तिथले केस गळून टक्कल. ही ॲलर्जी नाही. यात शरीराच्या प्रतिकारशक्तीचा काही संबंध नाही, रसायन झोंबलं एवढंच, आणि म्हणून हे अगदी पहिल्या वेळेलाही होऊ शकतं. कातडी आधीच खाजवून सोललेली असेल, किंवा आदल्याच दिवशी शाम्पूने खसाखसा अंघोळ घालून ते संरक्षक तेल धुऊन टाकलेलं असेल तर जास्त झोंबतं. बहुतेक वेळा एक-दोन दिवसात आपोआप बसतं, गळलेले केस यायला मात्र काही आठवडे जातात.

ठकीचं प्रकरण याचंच भावंड होतं. तिच्या औषधात परमेथ्रिन होतं. हे किड्यांच्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं, म्हणजे नस सारखी पेटलेली राहते आणि किडा मरतो. कुत्र्याचं शरीर त्याला व्यवस्थित मोडून टाकतं, पण कातडीखालच्या बारीक नसांना काही कुत्र्यांमधे ते जाणवतं आणि आपल्या पायाला मुंग्या येतात ना, साधारण तसं काहीतरी पाठीवर होत असावं. बिचाऱ्या जनावराला काय कळणार, त्याला वाटतं कुणीतरी चावतंय. म्हणून कातडी स्वच्छ आणि कुत्रं मात्र वेडंपिसं. औषध धुऊन काढलं की हे साधारणपणे दिवसभरात उतरतं. ठकी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठीक होती, फक्त माझ्यावर रागावलेली.

खरी कॉन्टॅक्ट ॲलर्जी याच्यापेक्षा वेगळी, आणि तिचं घड्याळ उलटं चालतं. तिला आधी ओळख लागते. पहिल्यांदा ते रसायन अंगाला लागतं तेव्हा काहीच होत नाही, पण प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी त्याचा चेहरा लक्षात ठेवतात, आणि मग कधीतरी चौथ्या, नाहीतर दहाव्या महिन्याला टाकलं की एक ते तीन दिवसांनी तिथे लाली, पुरळ, ओल, जबरदस्त खाज. त्यामुळे "आम्ही तर दोन वर्षं हेच वापरतोय, मग ॲलर्जी कशी असेल" हा जो युक्तिवाद सगळेच करतात तो पूर्ण उलटा आहे, दोन वर्षं वापरलंय म्हणूनच तर ॲलर्जी होऊ शकते. आणि एकदा झाली की पुढच्या वेळी परत होणार हे धरून चालायचं, बऱ्याचदा आणखी लवकर आणि आणखी जोरात. "मागच्या वेळी थोडंसंच झालं होतं, एकदा अजून टाकून बघू" हा प्रयोग घरी करू नका.

याहून दुर्मिळ पण ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले तो प्रकार म्हणजे झटपट ॲलर्जी. काही मिनिटांत ते काही तासांत, आणि जागा कुठलीही, थेंब मानेवर आणि सूज तोंडावर. डोळ्यांच्या पापण्या, ओठ, नाकपुड्या फुगतात, अंगावर गांधी उठतात, आखूड केसांच्या कुत्र्यात त्या चटकन दिसतात कारण केस पुंजक्या-पुंजक्याने उभे राहिल्यासारखे होतात, लांब केसांच्यात हात फिरवला तरच कळतं. इथपर्यंत असेल तरी डॉक्टरकडे जायचंच. पण माणसाला अशा रिॲक्शनमधे जसा श्वास कोंडतो तसं कुत्र्यात पहिलं लक्षण असेलच असं नाही, कुत्र्यात हा झटका यकृत आणि आतड्यांवर आधी बसतो, म्हणून अचानक उलट्या, जुलाब, कधी रक्ताचे, मग एकदम गळून पडणं, हिरड्या गुलाबीच्या पांढरट. लोकांना वाटतं काहीतरी खाल्लं असेल बाहेरचं. थेंब टाकून तासभर झालाय, कुत्रं ओकतंय आणि हिरड्या पांढऱ्या पडल्यात, तर अंघोळबिंघोळ काही नाही, उचलायचं आणि गाडीत घालायचं, वाटेत फोन करून दवाखान्याला सांगायचं की येतोय. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, सलाईन, ऑक्सिजन हे लागतं, आणि ते आपल्या कपाटात नसतं.

मग येते विषबाधा, जिला पण लोक ॲलर्जीच म्हणतात आणि तिथेच घोळ होतो, कारण ॲलर्जी एका थेंबानेही होऊ शकते, विषबाधेत मात्र मात्रेचा हिशोब असतो. अंगाला कंप, स्नायू फडफडणं, दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खात चालणं, लाळ, झटके. मोठ्या कुत्र्याची पिपेट छोट्या कुत्र्याला अर्धी अर्धी टाकणं हे याचं आवडतं कारण. अर्धी म्हणजे किती हे डोळ्याने कुणालाच मापता येत नाही, आणि दोन वजनगटांच्या पिपेटमधे औषध सरळ दुप्पट-तिप्पटसुद्धा असू शकतं. २००८ साली अमेरिकेत अशा थेंबांबद्दल तक्रारींची संख्या एकदम वाढली, तेव्हा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने २००९ मधे कसून तपासणी सुरू केली आणि २०१० मधे निष्कर्ष सांगितले. बहुतेक प्रकार कातडीच्या किरकोळ त्रासाचे होते पण झटके आणि मृत्यूही होते, आणि कुत्र्यांमधे जास्त त्रास दिसला तो छोट्या चणीच्यांना, साधारण साडेचार ते नऊ किलोंच्या. त्यानंतर लेबलवर वजनाचे गट जास्त स्पष्ट आणि अरुंद करा असं त्यांनी सांगितलं. तेव्हा खोक्यावर "१० किलोपर्यंत" लिहिलेलं असतं ते शोभेला नसतं, आणि कुत्र्याचं वजन अंदाजाने नाही, काट्यावर करायचं. स्वतः वजनकाट्यावर उभं राहायचं, मग कुत्र्याला उचलून उभं राहायचं, आणि वजाबाकी.

घरात मांजर असेल तर हे वाचताना जरा थांबा. कुत्र्यांच्या काही थेंबांमधे परमेथ्रिन निम्म्याच्या आसपास असतं, आणि मांजराच्या यकृतात ते मोडून टाकायची एक महत्त्वाची यंत्रणा फार कमकुवत असते. कुत्र्याचं औषध मांजराला टाकलं तर काही तासांत थरथर, मग झटके, आणि उपचार वेळेत नाही मिळाले तर मांजर जातं. टाकायचीही गरज नाही, औषध ओलं असताना मांजर कुत्र्याला चिकटून झोपलं किंवा त्याची मान चाटली तरी पुरतं. परमेथ्रिनवालं औषध आणि कुत्र्याला बिलगणारं मांजर हे दोन्ही एका घरात नकोच, माझं तरी असं ठाम मत आहे. जाता जाता, ससा असेल तर त्याला फिप्रोनिल चालत नाही.

चाटण्याचा प्रकार मात्र दिसायला भयंकर आणि आतून बऱ्याचदा पोकळ. घरात दोन कुत्री असली की एकाला टाकलेलं दुसरं चाटतं, आणि मग तोंडाला फेस, लाळेच्या तारा, तोंड जमिनीवर घासणं. बहुतेक वेळा हा नुसता कडवटपणा असतो. तोंड ओल्या फडक्याने पुसा, पाणी प्यायला द्या, जास्तीत जास्त अर्ध्या तासात थांबायला हवं. नाही थांबलं, किंवा कंप सुरू झाला, किंवा कुत्रं गुंगीत गेल्यासारखं झालं तर मात्र डॉक्टर. औषधात अमिट्राझ हा घटक असेल तर वाट बघूच नका, ते पोटात गेलं की गुंगी येते आणि हृदयाचे ठोके मंदावतात.

अजून एक विचित्र प्रकार सांगते, क्वचित होतो पण माहीत असावा. काही औषधांनी पेम्फिगससारखा आजार चाळवतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या गोंदावर हल्ला करते. थेंबाच्या जागी पू भरलेले फोड, खपल्या, आणि काही कुत्र्यांमधे ते पसरत सगळ्या अंगावर. मेटाफ्लुमिझोन आणि अमिट्राझ एकत्र असलेलं एक औषध होतं, त्याच्या बाबतीत हे पशुवैद्यकांनी नोंदवलं आणि ते औषध २०११ मधे बाजारातून गेलं. तेव्हा लाली चार-पाच दिवसांनी कमी व्हायच्या ऐवजी फोड आणि खपल्या वाढत असतील तर "बसेल हळूहळू" म्हणत बसू नका.

आणि आता असा आरोपी ज्याने काहीच केलेलं नसतं. औषध टाकल्यावर तीन दिवसांनी कुत्रं शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या मागे कुरतडून कुरतडून कातडी लाल करतंय, आणि आपण म्हणतो औषधाची ॲलर्जी. पण जागा बघा ना, थेंब मानेवर आणि खाज शेपटीशी. ही बहुतेक वेळा पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, कुत्र्यांमधली फार कॉमन गोष्ट, आणि अशा कुत्र्याला मोजक्या चाव्यांनीसुद्धा आठवडाभर खाज पुरते. औषध टाकल्याबरोबर पिसवा मरत नाहीत, काही तास लागतात, मरेपर्यंत त्या चावतातच, शिवाय सतरंजीत, गादीत, फटींमधे कोशात बसलेल्या पिसवा पुढचे कित्येक आठवडे, कधी महिने बाहेर येतच राहतात आणि कुत्र्यावर उड्या मारतात. पांढरा टिश्यू ओला करून त्यावर कुत्र्याच्या अंगातला काळा कचरा झटका, तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. इथे औषध बंद करणं म्हणजे बरोब्बर उलटं काम.

पट्ट्यांचंही यातच आलं, गोचिडीविरुद्धच्या कॉलरखाली गळ्याभोवती लाल कडं दिसलं तर ते औषधाचं असू शकतं किंवा नुसतं घट्ट बांधल्याने घासलेलंही असू शकतं, दोन बोटं आरामात जायला हवीत. काढून ठेवला की समजतं.

बरं, झालं काही तर करायचं काय. कुत्रं शुद्धीत आहे, उभं आहे, नुसती जळजळ किंवा पळापळ आहे असं धरू. हातमोजे घाला, भांडी घासायचं सौम्य लिक्विड घ्या, कोमट पाणी, आणि ती जागा फेस करून दोन-तीनदा धुवा. कुत्र्याचा औषधी शाम्पू नको, त्याने कातडी अजून चिडते, आणि नुसत्या पाण्याने काहीच होत नाही कारण औषध तेलकट असतं. गरम पाणी नको, गरम पाण्याने रक्तपुरवठा वाढतो आणि जे बाहेर काढायचं तेच आत जायला मदत होते. मग नीट पुसून कोरडं करा, गारठू देऊ नका, आणि गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला म्हणजे पंजाने ओरबाडणार नाही. धुतल्याने महिनाभराचं संरक्षण गेलं हे खरं, पण लगेच दुसरी पिपेट टाकू नका, डॉक्टरांना विचारून मग. घरातली माणसांची मलमं लावू नका, झिंकची मलमं आणि काही बधिर करणारी मलमं कुत्र्याने चाटली तर नवीन प्रकरण सुरू होतं. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर अजिबात नाही. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्याही मनाने नकोत, काहींमधे सर्दीसाठी इतर औषधं मिसळलेली असतात जी कुत्र्याला धोक्याची आहेत.

खोका आणि रिकामी पिपेट फेकू नका, डॉक्टरांकडे तीच घेऊन जा. आम्ही नेहमी सांगतो "ते निळ्या खोक्यातलं", आणि निळ्या खोक्यात चार वेगवेगळ्या कंपन्यांची चार वेगळी औषधं असतात. सोबत चट्ट्याचे फोटो वेळेसकट, आणि किती वाजता टाकलं ते. डॉक्टर त्यावरून ठरवतात की नुसतं लक्ष ठेवायचं, का ॲलर्जीचं औषध, का थोडे दिवस स्टिरॉइड, का कंप असेल तर ॲडमिट करून स्नायू सैल करणारं इंजेक्शन.

यापुढे काय वापरायचं हा खरा डोक्याचा भाग आहे. नुसता ब्रँड बदलून उपयोग नाही, कारण वेगळ्या नावाखाली तेच फिप्रोनिल असू शकतं, आणि याच्या उलटही होतं, घटक तोच पण कंपनी वेगळी म्हणून सॉल्व्हंट वेगळं, आणि कुत्र्याला ते आरामात चालतं. खरी कॉन्टॅक्ट ॲलर्जी वाटत असेल तर बहुतेक डॉक्टर कातडीचा रस्ताच सोडून तोंडाने द्यायच्या गोळीवर नेतात, अफॉक्सोलानेर, फ्लुरालानेर, सारोलानेर, लोटिलानेर या आयसोक्साझोलिन गटातल्या. चांगल्या आहेत, पण ज्या कुत्र्याला आधी कधी फिट आलीय त्याच्या बाबतीत आधी बोलायचं, कारण या गटाने काही कुत्र्यांमधे कंप आणि झटके येऊ शकतात असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने सप्टेंबर २०१८ मधे दिलाय. म्हणजे थेंब वाईट आणि गोळी चांगली असं काही नाही, कुठल्या कुत्र्याला काय हे बघायचं. आणि कृपा करून "केमिकल नको, नॅचरल बरं" म्हणून टी ट्री ऑइल नाहीतर पेनीरॉयल (पुदिन्याच्या जातीचं) तेल चोळू नका, ही दोन्ही तेलं कुत्र्यांना विषारी आहेत, मी तर म्हणेन लेबलवर मात्रा लिहिलेल्या औषधापेक्षा बाटलीतलं बिनमात्रेचं तेल जास्त भीतीदायक.

थेंब चालू ठेवायचे असतील तर आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ टाळा, कातडी पूर्ण कोरडी आणि अखंड हवी, केस दुभंगून पिपेटचं टोक कातडीला टेकवून दाबा, केसांवर नाही, चोळू नका, मोठ्या कुत्र्याला लेबलवर दोन-चार जागा सांगितल्या असतील तर तशाच विभागून. पहिल्यांदा वापरत असाल तर सकाळी टाका, दवाखाना उघडा असताना. मी साडेनऊला रात्री टाकले होते ना, तेच चुकलं.

ठकीला आता गोळी चालू आहे. तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांनी लाल पेनाने लिहिलंय, "परमेथ्रिन: २० मिनिटांत अस्वस्थता, पाठ, कातडी नॉर्मल, धुतल्यावर उतरलं." ॲलर्जी हा शब्द त्यात कुठेच नाहीये.